शाश्वत सागवान, पेपर पहिला

वनशास्त्राचा अभ्यासक्रम बहुविद्याशाखीय आणि शाश्वत करायचा, असे एका विद्यापीठाने मनावर घेतले आहे. त्यासाठी समिती बसली. वातानुकूलित सभागृह, प्रत्येकापुढे प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आणि बशीत काजूकतली. पहिल्या दहा मिनिटांतच प्रत्येक पेपरच्या नावाआधी ‘शाश्वत’ लावण्याचा ठराव एकमताने झाला. ‘सागवान लागवड’ची ‘शाश्वत सागवान लागवड’ झाली. आतला मजकूर तोच: रोपांतले अंतर किती, विरळणी कधी, लाकूड किती घनमीटर. डेहराडूनची वनशाळा १८७८ साली निघाली तेव्हा इंग्रजाला रेल्वेचे स्लीपर हवे होते. स्लीपर काँक्रीटचे झाले, नोट्स लाकडीच राहिल्या.

खरी जुंपली ती बांबूवरून. वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, बांबू म्हणजे गवत, तो आमचा. विधीच्या मॅडमनी १९२७ चा वन कायदा काढला. त्यात बांबू झाड. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. थोडक्यात, बांधावर उगवला तर गवत आणि जंगलात उगवला तर वनोपज! अर्थशास्त्राला त्यातले उत्पन्न हवे होते. समाजशास्त्राचे सर रजेवर होते. शेवटी प्रत्येक विभागाला दोन-दोन क्रेडिट वाटून दिली आणि वाद मिटला. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी होते तशीच, फक्त मोजणीदार नव्हता.

एवढ्यात एका तरुण प्राध्यापकाने मेंढा (लेखा) गावाचे नाव काढले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या कपाटात. ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला, आणि ते द्यायला जयराम रमेश यांना केंद्रीय मंत्री असताना गावात यावे लागले. कोणता बांबू तोडायचा, कोणता राखायचा, मजुरी काय, कायद्याचे कलम काय म्हणते, हे सगळे तिथे एकाच सभेत बोलले जाते. अभ्यासगट आहेत, निर्णय सर्वसहमतीने होतो. क्रेडिट मात्र कुणालाच मिळत नाही.

“मग तिथल्याच कुणाला शिकवायला बोलावू या का?” तरुणाने विचारले.

“नेट-सेट झालंय का त्यांचं?” अध्यक्षांनी विचारले.

विषय संपला. क्षेत्रभेट मात्र मंजूर झाली: ताडोबा, एक दिवस, जिप्सीतून. वाघ दिसला तर अहवाल लिहायचा, नाही दिसला तर जैवविविधतेवर लिहायचा.

तेव्हा पालकहो, मुलांना या अभ्यासक्रमाला जरूर घाला, पदवी लागतेच. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना धानोऱ्याच्या एसटीत बसवून द्या. बहुविद्याशाखीय शिक्षण तिकडे आहे, आणि त्याची फी फक्त तिकिटाएवढी आहे.