सत्तावीस टक्क्यांवर लाल सिग्नल

वसई–दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच. मालगाडीला वाट द्यायला आपली गाडी थांबली की का, किती वेळ, हे विचारायचं नसतं, एवढं शहाणपण खारबावच्या माणसाला फलाटावरच येतं.

घरी मात्र ते टिकत नाही. सकाळी पोराचा फॉर्म भरायला बसावं, तर पडद्यावर 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका'. २७ टक्के. चहा झाला, २७. आंघोळ उरकली, तरी २७. आणि 'बंद करू नका' ही विनंती आपल्याला करून काय उपयोग? वीज जाताना आपली परवानगी थोडीच घेते!

शेवटी उत्तर येतं: ०एक्स८००७००७०. म्हणजे डिस्कवर जागा नाही. एसटीचा कंडक्टर हेच 'मागे सरका' एवढ्यात सांगतो.

मग अपडेटच बंद करून टाकावं? जून २०१७ आठवा. भिवंडीच्या गोदामांचा माल ज्या जेएनपीटी बंदरातून येतो, तिथलं एक अख्खं टर्मिनल नॉटपेट्या विषाणूनं ठप्प केलं. तो ज्या भोकांतून पसरला, त्यांतल्या एकाचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं. पण मुळात तो शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! १९ जुलै २०२४ला तर विषाणूचीही गरज पडली नाही. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनानं लिहिले गेले.

तेव्हा अपडेट घ्यावं, पण आपल्या सोयीनं. विंडोजमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' नावाची सोय आहे. कामाचे तास तिथं सांगितले की त्या वेळात संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर 'मीटर्ड कनेक्शन' लावा, डेटा वाचेल. सी ड्राइव्हवरचे लग्नाचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवा. अडलंच, तर सेटिंग्जमधला ट्रबलशूटर चालवा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. पण ती कोण काढणार? आपण 'नंतर' दाबतो. उद्याही 'नंतर'. मग ऐन फॉर्मच्या सकाळी संगणक थकबाकी वसूल करतो, तेव्हा सावकार म्हणून त्यालाच शिव्या.

आता ती कटकटही सरली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. मुदतवाढ हवी तर नावनोंदणी करा. विंडोज ११ हवं तर बहुतेक जुन्या संगणकांना पात्रताच नाही. दहा वर्षं अपडेटच्या नावानं बोटं मोडणारी मंडळी आता एकमेकांना विचारतायत, "तुझ्याकडे येतं का रे अजून?"