दीड तासाचा फायदा

मामा हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. कुठलाही कागद हाती आला की आधी वजाबाकी तपासायची, मग मजकूर वाचायचा. ताईने दिवाळीसाठी दुबईची तिकिटं पाठवली, तीही याच क्रमाने वाचली गेली. मुंबईहून सकाळी 10 ला सुटून दुबईला 11.45 ला. "पावणेदोन तास! एवढ्या वेळात दादरहून पनवेल होत नाही," मामा खूश. मग परतीचं तिकीट उलगडलं. दुबईहून रात्री 10, मुंबईत 2.25. "यायला जवळजवळ साडेचार तास? ताईला फोन लाव, पोरीला कुणीतरी फसवलंय."

आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, दुबईचं चार तास, आणि तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात, हे समजवायला मला दोन चहा लागले. खरा प्रवास जाताना सव्वातीन तासांचा आणि हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. मामांनी शाळेच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. मुंबईहून गुवाहाटी निघाली 2,070 च्या आसपास. "म्हणजे परदेश अलीकडे आणि आसाम पलीकडे! मग पासपोर्टला दीड हजार कशाला घेतात?"

मामींची अडचण वेगळी होती. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे; तिकडे ती अमली पदार्थांत मोडते. त्यामुळे अनारसे खसखशीविनाच थापावे लागले. तुपातून निघालेल्या त्या बोडक्या अनारशाकडे मामींनी असं पाहिलं, की जणू मुंज न करताच मुलाला बोहल्यावर उभं केलंय.

विमानात मामांनी सिनेमा लावला नाही, समोरच्या पडद्यावर नकाशा लावला. उंची 36,000 फूट, बाहेर उणे 50 अंश, वेग ताशी 790. "एक्सप्रेसवेवर शंभरावर गेलं की चलान येतं," शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी सांगून ठेवलं. खाली अरबी समुद्र संपून ओमानचे उघडेबोडके डोंगर आले. विमान उतरलं, मामांनी घड्याळाचे काटे दीड तास मागे घेतले आणि नफा झाल्यासारखे हसले.

ताईकडे आठ दिवस छान गेले. अब्रा नावाच्या होडीतून एक दिरहममध्ये खाडी ओलांडली. 1966 पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने काढलेला गल्फ रुपया चालायचा, हे मामांनी होडीतल्या सगळ्यांना ऐकवलं. होडीवाल्याने शांतपणे दिरहमच मागितला.

परतताना पडद्यावर वेग 900 च्या वर. उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना विमान त्यांच्या तोंडावर जातं, येताना ते पाठीवर घेतं. त्यामुळे परतीला तीन तासही लागले नाहीत. मामांनी तिकिटाच्या पाठीवर जमाखर्च मांडला: जाताना घड्याळाने दिलेला दीड तास येताना पुरता कापून घेतला, वाऱ्याने मात्र वीस मिनिटं खरीखुरी वाचवली. "घड्याळाचा फायदा म्हणजे उसनवारी. वाऱ्याचा तेवढा आपला," असा निकाल त्यांनी दिला.

तेव्हा तिकीट हाती आलं की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. दुबईला जाताना छापील वेळेत दीड तास मिळवा, येताना तेवढाच वजा करा. आणि विमानतळावरच्या रांगेचा वेळ दोन्हीकडे वेगळा धरा. तो कुठल्याच तिकिटावर छापत नाहीत.