रडा, पण ठेक्यात

हँक विल्यम्सचा ‘४० ग्रेटेस्ट हिट्स’ हा संग्रह घरात नुकतंच भांडण झालेलं असताना लावू नये. एरवीसुद्धा चाळीसच्या चाळीस गाणी एका बैठकीत ऐकू नयेत. शेजारचे विचारपूस करायला येतात.

१९७८ साली निघालेला हा संच. अमेरिकन कंट्री संगीताच्या या थोर पुरुषाची तक्रार बहुतेक गाण्यांत एकच असते: बायको बोलत नाही, बायको निघून गेली, किंवा बायको आहे. अलाबामातला हा काटकुळा गडी १९५३ च्या १ जानेवारीला, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, कार्यक्रमाला जाता जाता गाडीच्या मागच्या सीटवर गेला. तेवढ्यात एवढी रडगाणी उरकायची म्हणजे उरक दांडगाच.

सुरुवात १९४७ च्या ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’पासून करावी. नवरा रात्री उशिरा घरी येतो, तर दाराचं कुलूप बदललेलं. मग स्वारी अंगणातल्या कुत्र्याच्या खोपटात शिरते आणि लोकलमध्ये चौथी सीट मागावी तशी कुत्र्याकडे जागा मागते. यात कुत्र्याची काय चूक, हे गाण्यात कुठेही येत नाही.

‘लव्हसिक ब्लूज’ त्याचं स्वतःचं नव्हे, जुनंच गाणं. त्याचा मार्गदर्शक आणि प्रकाशक फ्रेड रोझ याला ते मुळीच पसंत नव्हतं. हँकने हट्टाने गायलं आणि १९४९ मध्ये ते सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून राहिलं. आवाज मधेच फाटून वर उडी मारतो ती जागा नीट ऐका. दुसऱ्या कुणाचा आवाज असा फाटला असता तर आपण त्याला मिठाच्या गुळण्या सुचवल्या असत्या.

‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ला मात्र शब्द बाजूला ठेवून डॉन हेल्म्सच्या स्टील गिटारकडे कान द्यावा. हँक गाऱ्हाणं मांडतो आणि ती मागून ‘हो ना, हो ना’ करत राहते. असा साथीदार असला की कुणीही आयुष्यभर रडेल.

ऑड्रीची, म्हणजे त्याच्या पत्नीची, बाजू मांडणारा संच कुणी काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नवरा इतका पिणारा, की १९५२ च्या ऑगस्टमध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाने त्याला काढून टाकलं. तेव्हा प्रत्येक गाणं एकदा हँकसाठी आणि एकदा ऑड्रीच्या वतीने ऐकावं. दुसऱ्या फेरीत कुलूप बदलणं अगदी रास्त वाटू लागतं.

लग्नच न झालेल्या श्रोत्यांसाठी ‘कॉ-लायगा’. दुकानाबाहेरचा एक लाकडी पुतळा समोरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या पुतळीवर भाळतो, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. एक दिवस गिऱ्हाईक येऊन तिला विकत घेऊन जातं. हा आपला तिथेच उभा. ठेका इतका झकास की पाय हलतातच, हे सगळं कळूनही. आमच्याकडे असता तर एखाद्या मावशीने त्याचं नाव कधीच वधू-वर सूचक मंडळात घातलं असतं: उंच, निर्व्यसनी, स्वभावाने शांत, नोकरी कायम.