एजंटसाहेब, करार दाखवता का?

प्रति,
परदेशात नोकरी लावून देणारे माननीय एजंटसाहेब,
मुक्काम राऊ, जिल्हा इंदूर

साहेब, आधी तुमचं अभिनंदन. जानेवारी २०२३मध्ये आपल्या इंदुरात प्रवासी भारतीय दिवस भरला, पंतप्रधानांच्या हस्ते ‘सुरक्षित जाएं, प्रशिक्षित जाएं’ असं टपाल तिकीट निघालं, आणि तुमच्या धंद्याला ओरखडाही उमटला नाही. पुढे मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांना ५४९ भारतीय परत आणावे लागले. खोट्या नोकऱ्यांच्या आमिषाला भुलून ते म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकले होते. त्यांना तुम्हीच पाठवलं असं मी म्हणत नाही. पण रीत तुमचीच होती: आधी पैसे, मग तिकीट, आणि कागद सगळ्यात शेवटी, तोही मिळाला तर.

माझं भांडण त्या कागदाशीच आहे. राऊत आयआयएम आहे. तिथल्या विद्यार्थ्याला परदेशी कंपनीचं नियुक्तिपत्र आलं की तो पगार, प्रोबेशन, नोटिशीची मुदत, घरभाडं असं सगळं वाचतो, घासाघीस करतो, मगच सही करतो. आणि त्याला आपण हुशार म्हणतो. पीथमपूरच्या कारखान्यात वेल्डिंगवर हात बसलेल्या मुलानं ‘करार दाखवा’ म्हटलं, की तो तुमच्या लेखी आगाऊ ठरतो. ‘सही तिकडे पोचल्यावर होईल’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. आता जरा हिशेब मांडू. निघण्यापूर्वी त्या मुलाच्या हातात एकच ताकद असते, नाही म्हणण्याची. घरच्यांनी व्याजानं पैसे काढले, पैसे तुमच्या गल्ल्यात गेले, विमान उतरलं, की ती ताकद संपते. मग पुढ्यात येतो न वाचता येणाऱ्या भाषेतला दुसराच करार: इथे इलेक्ट्रिशियन म्हणून निघालेला तिथे हेल्पर, पगार ठरल्यापेक्षा कमी, ओव्हरटाइमचा उल्लेख नाही. त्यावर तो सही करतो, कारण कर्जाचा हप्ता इथे राऊत सुरू झालेला असतो. म्हणजे कागद उशिरा येतो तो तुमच्या आळसामुळे नव्हे. तो उशिरा येण्यावरच तुमचा धंदा उभा आहे. मेडिकलचे वेगळे पैसे, बिनपावतीची ‘प्रोसेसिंग’, या किरकोळ गोष्टी मी सोडून देतो.

तुम्ही म्हणाल, तिकडे कुठला कायदा, मालक म्हणेल ती पूर्व दिशा. मुलाला त्याची कर्तव्यं तुम्ही तोंडपाठ करून देता: पासपोर्ट मागितला की द्यायचा, उलट बोलायचं नाही, मध्येच सोडून यायचं नाही. पण संयुक्त अरब अमिरातीचा २०२१चा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडवळणानं घेऊ नये, त्याचा पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवू नये, प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू नये, हे त्यात स्पष्ट आहे. कामगारावरही बंधनं आहेत. प्रोबेशनमध्ये तिथल्याच दुसऱ्या मालकाकडे जायचं तर महिन्याची नोटीस, देश सोडायचा तर १४ दिवसांची. ‘पोरं सहा महिन्यांत पळून येतात’ ही तुमची तक्रार मला मान्य आहे. नोटीस न देता निघून जाणं चूकच. फक्त ही मुदत त्यांना निघण्यापूर्वी सांगायची कुणी? आणि ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ’ म्हणून तुम्ही त्यांना धाडता, तेव्हा परवान्याशिवाय काम करायला लावून त्यांना पहिल्याच दिवशी कायद्याबाहेर ढकलता. मग पकडल्यावर हकालपट्टी त्यांच्या वाट्याला येते, तुमच्या नाही.

आपला इथला कायदाही तुम्हाला ठाऊक असेलच. १९८३च्या उत्प्रवास कायद्याचं कलम १० सांगतं की नोंदणी प्रमाणपत्राशिवाय भरतीचा धंदा करता येत नाही. नोंदणीकृत एजंटालासुद्धा सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसह. मोडलात तर? कलम २४: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड २,००० रुपयांपर्यंत. दोन हजार! एका मुलाच्या घराण्याला कर्जात बुडवण्याची किंमत संसदेनं १९८३ साली ठरवली. बदलाचे मसुदे २०१९, २०२१, २०२५ साली हरकती मागवायला निघाले, आणि दर वेळी तुमच्या टेबलावरची कागदांची चळत तेवढी वाढली. लाज तुम्हाला वाटावी की आम्हाला, हे मला ठरवता येत नाही.

त्यात आणखी गंमत अशी, की दहावी पास झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरीची अट नसते. शिकला, म्हणजे त्याला आता सांभाळायची गरज नाही, असा सरकारचा समज. तो समज खोटा आहे हे सरकारलाही कळलं होतं. म्हणून तर २०१५मध्ये आखाती आणि इतर ठरावीक देशांत जाणाऱ्या परिचारिकांना, त्या शिकलेल्या असूनही, मंजुरी सक्तीची झाली. वेल्डर आणि ड्रायव्हरच्या बाबतीत ती आठवण कुणाला झाली नाही.

‘मी नसतो तर या पोरांना विचारतं कोण?’ या तुमच्या प्रश्नावर मात्र मी अडतो. खरंच, कोण विचारतं? नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारी पोर्टलवर आहे, पण ते पोर्टल दाखवायला कुठली शाळा, कुठली आयटीआय पुढे येते? राऊच्या पुढे थोड्याच अंतरावर महू आहे. तिथे जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते. त्यांच्या जयंतीला आपण मिरवणूक काढतो, आणि त्याच रस्त्यावरच्या मुलाला नियुक्तिपत्रात काय वाचायचं हे सांगत नाही. रात्री दहाला फोन उचलणारे तुम्ही एकटेच असता. तुमच्या वर मुंबई-दिल्लीचा बडा एजंट असतो, त्याचा हिस्सा मोठा, आणि मुलाच्या आईचे शिव्याशाप तुमच्या दारात. तुमची दया येते, साहेब, खरंच येते.

पण दया आली म्हणून मागणी मागे घेत नाही. पुढच्या मुलाकडून पहिला रुपया घेण्यापूर्वी त्याला करार द्या, त्याला कळेल अशा भाषेत. मालकाचं नाव, पद, पगार आणि तुमचा नोंदणी क्रमांक त्यावर असू दे. या पत्राचं उत्तर द्यायचं असेल तर तेही लेखी द्या, सही-शिक्क्यासह. फोन करू नका.

आपला,
राऊचा एक रहिवासी