शाळेला सोडचिठ्ठी

घरात तीन वर्षांचं मूल असलं की पुण्या-मुंबईतल्या आईबापांच्या गप्पांतून क्रिकेट, राजकारण, पाऊसपाणी सगळं हद्दपार होतं. ‘मग कुठं घालणार?’ एवढा एकच विषय उरतो. पर्यायांची यादी दरवर्षी लांबत चाललीय. स्टेट, सीबीएसई, आयसीएसई, आयबी, केंब्रिज, माँटेसरी, वॉल्डॉर्फ. सगळ्यांच्या फिया ऐकून झाल्या की कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, “आम्ही होमस्कूलिंगचा विचार करतोय.” लगेच बाकीचे आपल्या मुलांच्या वह्या-दप्तरांबद्दल ओशाळतात.

‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण, हे मात्र विचारायचं नसतं. विचार बाबा करतात, नोकरी आई सोडते. बाबा रविवारी मुलाला टेकडीवर नेऊन पक्षी दाखवतात आणि त्याचे फोटो टाकतात. सोमवार ते शनिवार वजाबाकीतला हातचा समजावणाऱ्या बाईचा फोटो कुणी काढत नाही.

घरी शिकवणं आपल्याकडे नवं नाहीच. पंडिता रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे यांना घरी शिकवलं ते नवऱ्यांनी. पण तो नाइलाज होता, कारण बाईनं शाळेत जाणंच समाजाला मंजूर नव्हतं. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तर सावित्रीबाईंना वाटेत शेण आणि दगड खावे लागले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड! शंभर वर्षांत आपण एवढी प्रगती केली, की त्या मोफत शाळेपासून पोराला वाचवायला लाख-दोन लाख रुपये हसतहसत भरतो.

कायद्याची भीती कुणी बाळगू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय, पण ते न करणाऱ्या पालकाला दंड काही ठेवलेला नाही. घरी शिकवणाऱ्यांवर त्यामुळे गदा येणार नाही, असं केंद्र सरकारनं २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगूनही टाकलं. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायची सोयही आहे. आमच्या लहानपणी दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मुलाची आई चार घरं टाळून बाजारात जायची. आता ‘एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून देणार’ असं लिफ्टमध्ये मोठ्यानं सांगतात. आठव्या मजल्यावरचं मूल शाळेत का नाही, हे विचारायला कुणी गुरुजी जात नाहीत. ऊसतोड टोळीच्या पालावर मात्र शाळाबाह्य मुलं शोधायला त्यांनाच पाठवतात.

बरं, शाळेवरचा राग खोटा आहे का? मुळीच नाही. बोटांत धड पेन्सिल धरता येत नाही अशा मुलांकडून पानंच्या पानं गिरवून घेतात. मुलाला चिखल आणि पाऊस अंगणात भेटण्याऐवजी वर्कशीटवर भेटतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेला २५ हजार रुपयांपर्यंत दंड कायद्यात आहे, म्हणून शाळांनी मुलाखतीचं नाव ‘इंटरॅक्शन’ ठेवलं आणि विषय मिटवला. पहिलीतल्या पोराचा ‘प्रोजेक्ट’ रात्री अकरा वाजता बाबा थर्माकोल कापून पुरा करतात. म्हणजे घरी शिकवणं चालूच आहे. फी तेवढी दुसरीकडे जाते.

तेव्हा शाळेला कंटाळून एखाद्या घरानं मुलाला स्वतः शिकवलं, त्याला वेळ दिला, चार मुलांत मिसळू दिलं, तर त्यात वाईट काहीच नाही. खटकतं ते वेगळंच. मध्यमवर्गाची शाळा सोडण्याची ही पहिली खेप नव्हे. आधी आपण नगरपालिकेची शाळा सोडली. मग अनुदानित मराठी शाळा सोडली, मग साधी इंग्रजी. आता शाळाच सोडतोय. दरवेळी निघताना आपण फक्त आपलं पोर नेलं नाही. गळक्या छताबद्दल अर्ज लिहू शकणारा, नगरसेवकाला फोन लावू शकणारा, ‘गणिताचे सर दोन महिने का नाहीत?’ असं साहेबाच्या तोंडावर विचारू शकणारा पालकही नेला. मागे उरले रोजंदारी बुडवून शाळेत यायला न परवडणारे. गावातही जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून पिवळी बस पोरं उचलून नेऊ लागली. २०१७ च्या अखेरीस सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायला घेतल्या, तेव्हा आपण सोफ्यावर बसून चुकचुकलो.

चाकोरीबाहेरची शाळा काय असते, हे याच महाराष्ट्रानं दाखवून दिलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. पोरं शाळेत येईनात, तर त्या शाळाच पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद’ काढली. मॅक्सिन बर्नसन जन्मानं अमेरिकन. त्यांनी फलटणला येऊन मराठी माध्यमाची कमला निंबकर बालभवन उभी केली. आपण मात्र मराठी शाळेतून पोरं काढत होतो. छापील चाकोरी या साऱ्याजणींनाही मान्य नव्हती. फरक इतकाच, की त्यांचा पर्याय दुसऱ्यांच्या मुलांसाठी होता आणि आपला आपल्या एकुलत्या एका चिरंजीवांपुरता.

एक सूचना करतो, खर्चाची नाही. घराजवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत एक सकाळ जाऊन बसा. पहिली ते पाचवीच्या वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तो आहे का मोजा. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. मूल तिथं घातलं तर त्यातली एक खुर्ची तुमची असू शकते. ज्या शाळेत तुम्ही लाख रुपये भरता, तिथं तुम्हाला फाटकाच्या आत घेतात का, तेही आठवा.

एवढं करून शाळा पसंत पडली नाही, तर खुशाल घरी शिकवा. शाळेला नापास करायला हरकत नाही. आधी तिची परीक्षा तरी घ्या!