यादीबाहेरचे

राज्याच्या मूल्यशिक्षणात मूल्ये 10. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका शाळेने ती भिंतीवर रंगवून मुलांच्या डोक्यावरचा भार हलका केला, हे स्तुत्यच. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ला दृष्ट लागू नये म्हणून वर लिंबू-मिरचीही टांगली आहे. वक्तशीरपणा प्रमुख पाहुणे शिकवतात: कार्यक्रम दहाचा, नारळ पावणेबाराला. तोवर मुले सोलापुरी उन्हात संवेदनशील होतात. श्रमप्रतिष्ठेचा प्रकल्प आई रात्री जागून करते. स्त्री-पुरुष समानतेसाठी खाली सही बाबांची. यापुढे आयांनाच पटावर घ्यावे, अशी आमची नम्र सूचना. हजेरीही सुधारेल.

परवा चौथीतल्या एका पोराने विचारले, “बाई, यात प्रामाणिकपणा कुठाय?”

बाईंनी भिंत दोनदा मोजली.

“तो यादीत नाही रे. बस खाली.”