दोन इंचांचा माज

माझी उंची ५ फूट ३ इंच. ती वाढायचं वय केव्हाच उलटलं, म्हणून गाडीची वाढवली.

गाडी म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस, सव्वापाच मीटरहून लांब पिकअप. पेणच्या बाजारात ती वळवायची तर निम्मं पेण हातवारे करायला येतं आणि उरलेलं शिव्या घालायला. एवढं धूड असूनही वडखळला शेजारी डंपर उभा राहिला की मला शाळेतली पहिली रांग आठवायची. लोकांना कारण सांगितलं, खड्डे. मुंबई-गोवा रस्त्याचं नाव घेतलं की पुढचं कोणी विचारत नाही.

उंची वाढवायचं किट एकाच कंपनीचं, पूर्ण घ्यावं म्हणतात. पण पूर्ण किंमत ऐकली की मी तुकड्यांत विचार करू लागतो. पुढच्या स्प्रिंगा एका कंपनीच्या, शॉकअप दुसरीचे, मागे पाट्यांचे लांब शॅकल लेथवर करून घेतलेले. शॅकल चार इंच वाढवला तर गाडी दोनच इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. पैसे मात्र चार इंचांचे.

मेस्त्री म्हणाला, "साहेब, स्प्रिंग आणि शॉकअपची पत्रिका जुळायला लागते." उडायचं काम स्प्रिंगचं, आतल्या तेलाच्या जोरावर तिला आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग कडक नि शॉकअप मऊ पडला, तर खड्डा मागे पडला तरी गाडी नाचतच राहते. शॉकअप आखूड पडला, तर चाक खड्ड्यात उतरताच तो पूर्ण ताणला जाऊन धाडकन वाजतो. शिवाय अलाइनमेंट नवं करा, नाहीतर टायर एका कडेने झिजतो. हेडलाइट खाली वळवा, नाहीतर समोरचा आईवर येतो. नोंदणीतल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय, हेही त्यानेच ऐकवलं, पैसे मोजून झाल्यावर. तेव्हापासून पोलीस दिसला की मी सीटवर खाली सरकतो. गाडी तेवढीच बुटकी दिसत असावी.

आता थोडं गणपती घडवणाऱ्या गावांकडे, हमरापूर-जोह्याकडे वळतो. वाटेत नाही, पण मला वळायला आवडतं. सीझनला तिथे पिकअपांची रांग लागते. पेंढ्यात खोचलेले गणपती, दोऱ्यांनी एकमेकांना धरून उभे. प्लास्टरची मूर्ती हलकी. शाडूची जड आणि वर ठिसूळ. एका ड्रायव्हरला विचारलं, तू कुठले शॉकअप टाकलेस? त्याने माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "कंपनीचेच. रिकामी गाडी उडणारच, काका. देव बसले की शांत होते." मालासाठी घडवलेले पाटे ते, नुसता माझा रुबाब त्यांना ओझं वाटत नाही.

देवाला पेंढा आहे. माणसांचं काय? त्याच मुंबई-गोवा रस्त्याचं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं कॉलेजात गेली, आणि दर गणपतीआधी आपल्याला काम संपायची नवी तारीख मिळते. कोलाडची अडलेली बाई सुकेळी खिंडीतून पनवेलला न्यायची, तर तिच्या अंगाखाली काय घालायचं? तिच्यासाठी कुठल्या कंपनीचं किट मिळत नाही.

असो. रोह्याची आत्या गाडी बघून म्हणाली, "शिडी घरी विसरलास वाटतं?" मग चौरंग आणला, शेजारचे दोघे आले, आणि तिला वर चढवलं. हौद्यात तिने तांदळाची पोती, वालाची गोणी आणि चार नारळ जास्तीचे टाकायला लावले. गाडी खरंच शांत झाली. नागोठण्यापर्यंत आत्या काचेतून रस्ता न्याहाळत होती. मी मुद्दाम विचारलं, "काय आत्या, उंचावरून कसं वाटतंय?"

"छान रे. खालच्या गाडीतून एवढे दिसत नसत."

"काय?"

"खड्डे."